आधी रान बघा, मग विमान

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पत्र आलं आहे. लिहिणारे ४७ वर्षांचे, पतसंस्थेत नोकरीला, गावाकडे वाट्याला आलेलं दोन एकर रान. शाळेत असल्यापासून हवाई दलात जायचं होतं, चष्म्यामुळं ते राहिलं. यंदा दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर त्यांनी ठरवलं, की या हिवाळ्यात आठवीतल्या लेकीला सोबत घेऊन विमानाचं मॉडेल बनवायचं. मन बसलंय ते बाल्साच्या लाकडातल्या, पाच फुटी पंखांच्या, रेडिओ रिमोटवर उडणाऱ्या स्पिटफायरच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या, किटवर. त्याखेरीज तीन पर्याय त्यांनी पाहून ठेवलेत : सरळ पंखांचं शिकाऊ रेडिओ विमान, रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान आणि प्लास्टिकचं, न उडणारं मिग-२१. ते लिहितात, "घ्यायचं तर एकदाच आणि चांगलंच घ्यावं, असं वाटतं. पोरीलाही त्यातून शिकायला मिळेल. घरात मात्र म्हणणं असं, की एवढ्या पैशात ठिबकच्या नळ्या बदलून झाल्या असत्या. इथं यातलं कळणारं कुणी नाही. फेब्रुवारीपर्यंत हातावेगळं व्हावं. कोणतं किट घेऊ?"

उत्तर : स्पिटफायर आत्ता नको. तुम्हाला ते आवडतं म्हणून हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. कायमचं नको असं मात्र म्हणत नाही. का नको आणि त्याऐवजी काय, हे जरा सविस्तर सांगायला हवं. कारण तुमच्या पत्रात किटच्या प्रश्नाआड आणखी तीन-चार गोष्टी आहेत आणि किटची निवड खरं तर त्यांच्यावर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट म्हणजे "एकदाच आणि चांगलंच". घरात मोठी वस्तू घेताना आपण सगळे असाच विचार करतो आणि फ्रीज किंवा मोटारसायकलच्या बाबतीत तो बरोबरही असतो. पण मॉडेलचं किट म्हणजे कपाटात जपून ठेवायची सोन्याची बांगडी नव्हे. ते वापरून संपवायचं असतं. उडणारं विमान आज ना उद्या पडणारच, आणि पहिलं विमान तर पडण्यासाठीच असतं असं धरून चालावं. ते पडल्यावर काय मोडलं, का मोडलं, हे बघून दुसरं करायचं. म्हणून पहिलं किट असं हवं, की ते मोडल्यावर तुम्ही दोघं अर्ध्या तासात चिकटवायला बसाल. महिन्या-दीड महिन्याच्या रात्री आणि अख्खा बोनस ज्यात ओतला, ते विमान पहिल्याच फेकीत नाकावर आपटलं तर माणूस पुन्हा त्या टेबलाशी जात नाही. बाल्साच्या काड्या माळ्यावर जातात आणि तिथंच राहतात.

आता स्पिटफायरबद्दल. ५ मार्च १९३६ ला ते पहिल्यांदा उडालं. त्याचे रचनाकार आर. जे. मिचेल यांनी त्याला दिलेला तो लंबगोल पंख आजही बघत राहावासा वाटतो. पण तोच पंख नवख्या कारागिराची परीक्षा घेतो. सरळ पंखाच्या विमानात पंखाला आकार देणाऱ्या आतल्या सगळ्या फासळ्या एका मापाच्या असतात. पंधरा-सोळा फासळ्या एकावर एक रचायच्या, दोन टाचण्यांनी गच्च धरायच्या आणि पॉलिश पेपर फिरवायचा. जी फासळी उंच राहिली असेल ती बोटाला लागते आणि सगळ्या एकसारख्या होतात. लंबगोल पंखात प्रत्येक फासळी शेजारणीपेक्षा लहान, त्यामुळं एखादी चुकली तर ती कशाशी ताडून बघणार? शिवाय पंख टोकाकडे निमुळता होत जातो आणि मॉडेलच्या आकारात ती टोकं फारच बारीक होतात. वेग उतरला की तीच आधी दगा देतात, विमान एका कुशीवर कलंडतं आणि जमीन जवळ असेल तर सावरायला सवड मिळत नाही. पंख धडाच्या खाली जोडलेला असल्यानं विमान आपणहून सरळ होत नाही, सतत हातानं सांभाळावं लागतं. मूळ विमानाच्या चाकांमधलं अंतरही कमी होतं. मॉडेलमध्ये ते हुबेहूब उतरलं की साध्या खडबडीत जमिनीवरही ते पंखाच्या टोकावर लोळतं. रेडिओ मॉडेल उडवायचा हात बसलेल्यांनाही ते जपून उडवावं लागतं.

दुसरी गोष्ट हिवाळ्याची. हिवाळाभर घरात बसून विमान बनवायचं आणि वसंतात उडवायचं, ही रीत बर्फाच्या देशांतली. तिथं तीन-चार महिने बाहेर पडायची सोय नसते, म्हणून टेबलावरचं काम. आपल्याकडं उलट आहे. मराठवाड्यात विमान उडवायला कार्तिक ते माघ याच्यासारखा दुसरा काळ नाही. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि सकाळ अगदी शांत. रात्रभर जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन जागीच बसते. सूर्य वर येऊन जमीन तापायला लागेपर्यंत साधारण नऊपर्यंत झाडाचं पान हलत नाही. हलक्या विमानाला याहून काय हवं? फेब्रुवारी सरता सरता वारं सुटतं आणि मार्चात वावटळी उठायला लागतात. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत विमान हातावेगळं करायचं, हे गणितच बदलायला हवं. फेब्रुवारीत तुमचा उडवायचा काळ संपत आलेला असेल. पहिलं विमान डिसेंबरात उडायला हवं.

बनवायलाही हाच काळ उत्तम आहे. पावसाळ्यात दमट हवेनं विमानाचा कागद सैल पडतो, पंखाला पीळ बसतो आणि डोप नावाचं जे लॅकर कागदावर लावतात ते पांढुरकं पडतं. कोरड्या थंडीत यातलं काही होत नाही. तेव्हा दोन्ही कामं याच चार महिन्यांत करायची आहेत, आणि त्यासाठी लवकर पूर्ण होणारं किट हवं.

आता रानाचं बघा. तुमच्या पत्रात हे कुठंच नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. विमान उडवणार कुठं? दोन एकर आपलं आहे म्हणजे झालं, असं नाही. डिसेंबर-जानेवारीत शिवारात शाळू डोक्याएवढा असतो, तूर उभी असते. त्यात विमान शिरलं तर शोधायला ताटं तुडवावी लागतात आणि ते कुणाही शेतकऱ्याला खपणार नाही, स्वतःच्या रानातही नाही. हरभरा बुटका, त्यावर विमान अलगद टेकेलही, पण पहाटे त्याच्या पानांवर दवाबरोबर आंब असते. कागदी पंख त्यात ओला झाला की ढिला पडलाच. शाळू काढल्यावर रान मोकळं दिसतं, तेव्हा धसकटं असतात. ती खालून पंख फाडतात. कापसाच्या पऱ्हाट्यांबद्दल तर बोलायलाच नको. सोयाबीन काढून पडीक ठेवलेला एखादा तुकडा, तोही पाळी मारून ढेकळं फुटलेला, हे चालू शकेल. पण डिसेंबरात खरा आधार शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानाचा, रविवारी सकाळी, क्रिकेटची पोरं यायच्या आधी. मैदानाच्या कडेला विजेच्या तारा आहेत का, उघडी विहीर आहे का, बाभळी किती लांब आहेत, हे आत्ताच एकदा जाऊन, चालून बघा. लेकीला सोबत न्या आणि पावलांनी मैदान मोजा.

छोट्या रबरी विमानाला क्रिकेटचं मैदान पुरतं. शिकाऊ रेडिओ विमानाला चारी बाजूंनी निदान शंभर-दीडशे मीटर मोकळं हवं. पाच फुटी स्पिटफायरला तेवढी मोकळीक तर हवीच, वर धावायला सपाट पट्टी हवी. काळ्या जमिनीत ती कुठून आणणार? आधी ढेकळं आणि उन्हाळ्यात भेगा.

म्हणून माझी शिफारस अशी : रबराच्या पिळावर उडणारं साधं किट घ्या, आणि एक नको, एकाच जातीची दोन घ्या. एक तुमचं, एक तिचं.

दोन का, हे सांगते. तुम्ही लिहिता की मुलीला शिकायला मिळेल. आठवीतलं पोर बापाच्या विमानाला टाचण्या पुरवून फार दिवस शिकत नाही. महागाच्या किटवर तर आपणच तिला हात लावू देत नाही : "थांब, मोडेल, मी करतो." तिचं स्वतःचं विमान असलं की ती चुका करेल, तिचा पंख वाकडा बसेल आणि कदाचित तिचंच जास्त वेळ उडेल. दोन सारखी विमानं एकाच सकाळी शेजारी-शेजारी उडवली की फरक डोळ्यांना दिसतो. एकाचं नाक जड, दुसऱ्याच्या शेपटीला फेव्हिकॉल जास्त. असं पुस्तकात वाचून कळत नाही.

त्याआधी तिला एकदा विचारा मात्र, की तुला करायचंय का. पत्रात तिचं म्हणणं काय ते कुठं आलेलं नाही. तिनं नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, आणि विमान बनवायचंही सोडू नका. तुम्हाला स्वतःला विमान बनवावंसं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे. आपल्या लातुरात मुलांच्या हातात येणारी प्रत्येक गोष्ट शेवटी क्लास आणि मार्कांशी जाऊन भिडते. हे एक तरी तिथं नेऊ नका. सायन्स प्रोजेक्ट म्हणून वहीत लिहून काढ, असं चुकूनही म्हणू नका.

रबरी विमान म्हणजे पोरखेळ, असं तुमच्या पत्रात कुठंतरी डोकावतं. तसं नाही. १८ ऑगस्ट १८७१ ला पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फाँस पेनो या तरुणानं पिळलेल्या रबरावर चालणारं विमान लोकांसमोर उडवलं. पंख जेमतेम दीड फुटाचे. ते अकरा सेकंदांत चाळीस मीटर गेलं आणि कुणीही न सांभाळता आपलं आपण तोल राखून गेलं. त्याच पेनोच्या रचनेवरून बनलेलं रबराचं उडतं खेळणं १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी पोरांसाठी घरी आणलं होतं. शेपूट विमानाचा तोल कसा राखते, पंखांची टोकं वर उचलल्यानं काय होतं, वजन कुठं असावं, हे सगळं त्या छोट्या विमानात शिकायला मिळतं. पुढं रेडिओ विमानाला तीच विद्या लागते.

किट मागवताना काय बघायचं? खोक्यावरचं चित्र बघू नका. आत पूर्ण आकाराचा नकाशा आहे का, भाग लेझरनं कापलेले आहेत का, रबर आणि प्रोपेलर सोबत येतात का, हे विचारा. पहिल्यासाठी पंख धडाच्या वर असलेलं, पंख सरळ आणि टोकं थोडी वर उचललेली असं विमान घ्या. धड नुसत्या काठीचं असलं तर फारच चांगलं. परदेशी किट थेट मागवत असाल तर आधी सगळा हिशेब मांडा. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. त्यात टपालखर्च घातला की स्वस्त दिसलेलं किट स्वस्त राहत नाही. देशातले विक्रेतेही साधी किटं आणि सुटा बाल्सा पाठवतात. पहिल्या वर्षाला ते पुष्कळ झालं.

किट आलं की चिकटवायची घाई करू नका. आधी लाकूड तोला. बाल्सा बहुतेक इक्वेडोरहून येतो आणि एकाच झाडाच्या दोन फळ्यांतही वजनाचा मोठा फरक असतो. दीड मिलिमीटर जाडीची, तीन इंच रुंद आणि तीन फूट लांब फळी घेतली तर एखादी दहा-बारा ग्रॅमची भरते, दुसरी वीस-बावीस ग्रॅमची. डोळ्याला दोन्ही सारख्याच. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर तोच घ्या, नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा, तो आनंदानं तोलून देईल. हलकं लाकूड शेपटीला वापरायचं, जड आणि कडक लाकूड पंखाच्या मुख्य काडीला. कारण साधं आहे. शेपूट तोलाच्या बिंदूपासून लांब असते आणि नाक जवळ. मागं एक ग्रॅम वाढला की त्याला तोलायला नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. पंचवीस-तीस ग्रॅमच्या विमानात हे फार झालं.

हत्यारं घरातच मिळतील. सॉफ्टबोर्डाचा तुकडा, त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक म्हणजे गोंद कागदाला धरत नाही. टाचण्या काडीतून आरपार ठोकायच्या नाहीत, लाकूड तिथंच चिरतं. काडीच्या दोन्ही बाजूंना तिरप्या टोचून काडी मध्ये पकडायची. फेव्हिक्विक झटपट चिकटतं, पण बोटंही चिकटतात आणि चूक दुरुस्त करता येत नाही. पहिल्या विमानाला फेव्हिकॉलच बरा. रात्री लावा, सकाळी काढा. थेंब टाचणीच्या टोकानं ठेवायचा, बाटलीनं नाही. लेझरनं कापलेल्या कडा काळ्या असतात, त्यावर पॉलिश पेपरचा हलका हात फिरवला की गोंद नीट धरतो. पंख कागदानं मढवल्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून तो ताणू द्यायचा, आणि वाळेपर्यंत पंख बोर्डावर टाचून ठेवायचा. तसा मोकळा ठेवला की पीळ आलाच, आणि पिळलेला पंख घेऊन विमान सरळ जात नाही. डोपला उग्र वास असतो आणि तो भडकन पेट घेतो. ते काम गॅसपासून दूर, अंगणात.

रबराला वंगण लागतं आणि त्यासाठी एरंडेल चालतं. किराणा दुकानातलं साधं. त्यानं रबराचे पदर एकमेकांवर घासून तुटत नाहीत आणि पीळ जास्त बसतो. पीळ द्यायला दोन माणसं हवीत, एकानं विमान धरायचं, दुसऱ्यानं पिळायचं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चालतील का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही चालत, त्यात ताकद साठत नाही. सोबत आलेलं रबर संपलं तर मॉडेलचंच मागवा, आणि उन्हात ठेवू नका.

पहिल्या दिवशी रबर पिळायचंच नाही. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान तोला. नकाशावर तोलाची खूण असते. ती नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांशापर्यंत तो बिंदू यायला हवा. मग खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, समोर सरळ सोडा. जोरानं फेकायचं नाही, वर तर मुळीच नाही. विमान आधी वर चढलं, थबकलं आणि मग खाली कोसळलं, तर शेपूट जड आहे. नाकात मुलांच्या खेळातली रंगीत माती हरभऱ्याएवढी लावा आणि पुन्हा सोडा. सरळ खाली शिरलं तर माती कमी करा. सपाट तरंगत जाऊन गवतावर टेकेपर्यंत हेच चालू द्या. पोरीला यात मजा येईल, आणि तुमच्याआधी तिला कळायला लागेल असा माझा अंदाज आहे. मग थोडेच पीळ, मग आणखी थोडे. पंखावर फोन नंबर लिहून ठेवा. दहा-अकराच्या उन्हात वर उठणाऱ्या हवेत सापडलं तर एवढंसं विमानही मैदानाबाहेर जातं. संक्रांतीच्या आसपासचा आठवडा मैदान टाळा, हवेत मांजा असतो.

तुमच्या भागात येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, मोठी. त्या दिवशी सगळं घर, पाव्हणे-रावळे रानात असणार आणि विमान न्यायचा मोह होणार. नेऊ नका, शाळू उभा असतो. अगदीच न्यायचं तर किटमधून उरलेल्या बाल्साचं वीतभर, हातानं सोडायचं ग्लायडर करा आणि बांधावरच्या मोकळ्या जागेत पोरांना द्या.

प्लास्टिकच्या मिग-२१ बद्दल थोडक्यात सांगते, पण त्याला कमी लेखून नव्हे. १९६३ पासून हवाई दलात असलेलं ते विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं. ज्यांना हवाई दलात जायचं होतं त्यांच्या मनात त्याची जागा वेगळी आहे, हे मी समजू शकते. मूळचे पंख ७.१५ मीटर, म्हणजे १:७२ प्रमाणात ते पुरे दहा सेंटिमीटरही भरत नाहीत, १:४८ मध्ये साधारण पंधरा. मैदान नको, वारा नको, रात्री दिव्याखाली बसून करण्याजोगं काम. चष्मा लागतो त्यांनी मात्र १:४८ घ्यावं, ७२ चे भाग फार बारीक. तुम्हाला विमानाचा इतिहास, रंग, खुणा यांची जास्त ओढ असेल तर हेच तुमचं किट आहे आणि मग उडणाऱ्याच्या नादी लागू नका. पण हे एकट्यानं करायचं काम आहे. सोबत दुसरं माणूस फार तर बघत बसतं. तुम्हाला लेक सोबत हवी आहे, म्हणून मी त्याला दुसरं स्थान देते.

सरळ पंखांचं शिकाऊ रेडिओ विमान पुढच्या दिवाळीला. तोवर कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर हात बसवा. विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, ते डोक्यात पक्कं व्हायला वेळ लागतो. "इथं कळणारं कुणी नाही" म्हणता, तर थोडी शोधाशोध करा. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभियांत्रिकी कॉलेजांत विमानं, ड्रोन बनवणारी मुलं असतातच. एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसा. पोरं वयानं लहान म्हणून संकोच करू नका. रेडिओ विमान घ्याल तेव्हा २०२१ चे ड्रोन नियम त्यालाही लागू आहेत हे ध्यानात ठेवा. २५ किलोपर्यंतचं, करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल अशी त्यात वेगळी व्याख्या आहे. आपली जागा सरकारच्या हवाई नकाशावर हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहायचं, तिथंही ४०० फुटांच्या वर न्यायचं नाही, आणि लातूर, नांदेड, चिकलठाणा या विमानतळांच्या भोवताली आणखी बंधनं असतात. नोंदणीबाबत त्या वेळी काय नियम चालू आहे तो वाचून मगच पैसे भरा. लिथियमची बॅटरी एप्रिलच्या उन्हात गाडीत किंवा पत्र्याखाली विसरू नका, पेट घेते.

आणि नाव-गाव असलेलं खरं विमानच हवं, असं मन म्हणत असेल तर स्पिटफायरच्या आधी पुष्पक करून बघा. एचएएल या सरकारी विमान कारखान्यानं बनवलेलं हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये उडालं. आपले विमान-अभियंते वि. मा. घाटगे तिथं विमानं घडवत होते तो हा काळ. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत ते वर्षानुवर्षं चाललं. पंख वर, आकार साधा, चाकं पक्की जोडलेली, म्हणजे मॉडेलला हवं ते सगळं त्यात आहे. अमेरिकन एरोंका चीफच्या धाटणीवर ते बेतलेलं, त्यामुळं एरोंकाचा नकाशा घेऊन रंग आणि अक्षरं पुष्पकची देता येतात. तेरा इंचांपर्यंत पंख असलेल्या रबरी विमानांचा पीनट नावाचा प्रकार आहे, त्या मापात ते सुरेख होईल. यंदाची दोन विमानं झाल्यावर तुमचा हात त्याला नक्की तयार होईल.

राहिला ठिबकचा मुद्दा. वहिनींना हौसेची किंमत कळत नाही, असा सूर तुमच्या पत्रात आहे. मला तसं वाटत नाही. त्यांनी किटला विरोध केलेला नाही, पैसे कुठं जावेत याचा क्रम सांगितला आहे. नळ्या कुजल्या असतील तर हरभऱ्याच्या पाण्याआधी त्या बदलायलाच हव्यात. स्पिटफायरचं नुसतं किट घेऊन भागत नाही. मोटर, बॅटरी, चार्जर, रेडिओ, पंख-शेपटीच्या झडपा हलवणारे सर्व्हो हे सगळं वेगळं घ्यावं लागतं आणि ते मिळून किटच्या वर जातं. हा आकडा तुम्ही घरात सांगितला आहे का? नसेल तर आत्ता सांगा, आणि सोबत दोन रबरी किटांचा, गोंद-कागदाचा आकडाही सांगा. बोनसचा मोठा भाग रानात जाईल, छोटा टेबलावर येईल. वहिनींना रविवारी सकाळी मैदानावर यायला सांगा, पीळ देताना विमान धरायला एक माणूस लागतंच.

कागद चढवण्याआधी दोन्ही सांगाडे वेगवेगळे तोला आणि वजनं मला कळवा. कुणाचं हलकं निघालं तेही लिहा. त्यावरून पीनट मापाचा पुष्पक पुढच्या हिवाळ्यात काढायचा की आणखी एक काठीच्या धडाचं विमान आधी करायचं, ते सांगता येईल.